‘कशासाठी?’ : बहारीनच्या बांधणीची गोष्ट

आपल्या मंडळात इंजिनिअर शोधायला फार लांब जावं लागत नाही. कोणी रिफायनरीत आहे, कोणी स्मेल्टरमध्ये, कोणी बांधकामाच्या साइटवर. यातल्या कोणालाही विचारून बघा, "सगळ्यात चांगला माल कोणता हो? पोलाद, लाकूड की ॲल्युमिनियम?" सरळ उत्तर मिळणार नाही. उलट प्रश्नच येईल, "कशासाठी?"

हा उलटा प्रश्न म्हणजे टाळाटाळ नव्हे. इंजिनिअरिंगमधलं एक मोठं शास्त्र त्याच्यावर उभं आहे. आणि आपण जिथे राहतो त्या बहारीनचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर जुनी घरं, लाकडी गलबतं, मोती काढणाऱ्यांची हत्यारं आणि आजचा कारखाना हे सगळं एका माळेत ओवलं जातं. कारण उघड आहे. या बेटावर गोड्या पाण्याचे झरे होते, खजूर होता, मोती होते. पण मोठं लाकूड नव्हतं, धातूची खाण नव्हती. जे लागेल ते समुद्रावरून आणायचं. आणि जिथे प्रत्येक फळी विकत आणून जहाजातून उतरवावी लागते, तिथे माणूस निवड जपून करतो.

याची सुरुवात फार जुनी आहे. चार हजार वर्षांपूर्वी हे बेट ‘दिलमुन’ या नावाने ओळखलं जायचं. मगान, म्हणजे आजच्या ओमानकडचं तांबं इथून मेसोपोटेमियाला जायचं. सिंधू खोऱ्याशीही व्यापार होता. आपल्या गुजरातेतल्या लोथलच्या उत्खननात इथल्या धाटणीची शिक्का-मुद्रा सापडली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी १७५०च्या सुमाराची मातीची एक पाटी आहे. उर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या, दिलमुनशी तांब्याचा व्यापार करणाऱ्या माणसाला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ती लिहिली आहे. मजकुराचा सारांश असा, की तू चांगल्या लगडी देतो म्हणालास आणि माझ्या माणसाला हलका माल दाखवलास. मालाच्या दर्जाबद्दलच्या जगातल्या सर्वांत जुन्या लेखी तक्रारींपैकी ही एक! म्हणजे माल पारखून घ्यायची सवय या समुद्राला तेव्हापासूनची.

पारखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक मायकल ॲशबी यांनी याची एक सुटसुटीत पद्धत बसवली. त्यांचं ‘मटेरिअल्स सिलेक्शन इन मेकॅनिकल डिझाइन’ हे पुस्तक १९९२ साली निघालं आणि जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पोचलं. पद्धत अशी. आधी तीन गोष्टी ठरवायच्या. वस्तूने काम काय करायचं आहे? कोणती अट मोडून चालणार नाही? आणि कमीत कमी काय हवंय, वजन, किंमत की आणखी काही? या तीन उत्तरांतून गणिताने एक गुणोत्तर निघतं. त्याला परफॉर्मन्स इंडेक्स म्हणतात. आपण त्याला ‘कामाचा आकडा’ म्हणू. ज्या मालाचा आकडा मोठा, तो त्या कामाला सरस.

एक उदाहरण घेऊ. वजन कमीत कमी हवं आणि ताठपणा ठरावीक हवा, एवढंच मागणं आहे. पोलादाचा ताठपणा साधारण २०० गिगापास्कल आणि घनता पाण्याच्या ७.८ पट. ॲल्युमिनियमचे आकडे ७० आणि २.७. सागवानाचे, शिरेच्या दिशेने, सुमारे १२ आणि ०.६५. आता दांडा जर नुसता ओढला जाणार असेल, तर कामाचा आकडा म्हणजे ताठपणा भागिले घनता. पोलाद २६, ॲल्युमिनियम २६, सागवान १८. लाकूड मागे पडलं.

पण तोच दांडा आडवा टाकून त्याच्यावर वजन ठेवलं तर? म्हणजे छताचा वासा, होडीचं वल्हं किंवा शिडाची काठी. इथे गणित बदलतं. गोल दांडा दुप्पट जाड केला तर त्याचं वजन चौपट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध सोळापट होतो. म्हणजे हलका माल जाड करून वापरला की फायदाच फायदा. म्हणून इथे कामाचा आकडा म्हणजे ताठपणाचं वर्गमूळ भागिले घनता. पोलाद १.८, ॲल्युमिनियम ३.१ आणि सागवान ५.३! मघाशी ढ ठरलेला मुलगा एकदम पहिला आला. माल तेच, आकडे तेच. फक्त प्रश्न बदलला.

ॲशबींनी हे सगळं नकाशावर मांडलं. आडव्या अक्षावर घनता, उभ्यावर ताठपणा आणि प्रत्येक पुढची खूण आधीच्या दहापट. त्यावर प्रत्येक मालाचा एक फुगा. वर उजवीकडे धातू, खाली डावीकडे बूच आणि फोम, मध्ये लाकडं. नकाशावर कामाच्या आकड्याची तिरकी पट्टी ठेवायची आणि वर सरकवत न्यायची. शेवटपर्यंत पट्टीच्या वर जे उरतात ते उमेदवार. ओढण्याच्या कामाला पट्टीचा उतार एक, वाकण्याच्या कामाला दुसरा. गंमत म्हणजे लाकडाला या नकाशावर दोन फुगे असतात, एक शिरेच्या दिशेचा आणि एक शिरेला आडवा. आडव्या दिशेने लाकडाचा ताठपणा दहा-वीस पटींनी कमी असतो. सुताराला हे सांगावं लागत नाही. तो फळी हातात घेतो तीच शीर बघून.

आता ही पट्टी घेऊन मुहर्रकला चला. मोत्यांच्या व्यापाराच्या काळातली घरं तिथे अजून उभी आहेत. शेख ईसा बिन अली यांचं घर, सियादी घराणं यांच्या वास्तू आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो. तिथे गेलात की मान वर करून छत बघा. ओळीने लावलेले गोल, काळपट वासे दिसतील. हे खारफुटीचे सोट. आपल्या कोकणातल्या खाड्यांत असते त्याच कुळातली ही झाडं. इकडे त्यांना ‘चंदल’ म्हणतात आणि ते यायचे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, लामूसारख्या बंदरांतून. हिवाळी वाऱ्यावर खजूर भरून गलबतं आफ्रिकेला जायची आणि वारा फिरला की वासे भरून परत.

वाकण्याच्या कामाला लाकूड सरस हे आपण पाहिलंच. शिवाय या सोटांना वाळवी सहजी लागत नाही. ते कापून चौकोनी न करता गोलच वापरले जात, त्यामुळे शिरा अखंड राहत आणि करवतीची मजुरीही वाचे. पण लांबी साधारण तीन-चार मीटरच मिळायची. वासा दुप्पट लांब केला तर त्याच वजनाखाली तो आठपट वाकतो. म्हणून खोलीची रुंदी तीन मीटरच्या आसपास ठरून गेली. श्रीमंत व्यापारी असो की साधा नाखवा, खोली अरुंद आणि लांबट. घराचा नकाशा आफ्रिकेतल्या झाडाने काढला म्हणा ना!

भिंतींचीही अशीच गोष्ट. समुद्राच्या उथळ तळातून प्रवाळाचा दगड काढायचा. हा दगड ताकदीत फार उंचावर नाही, पण अंगभर छिद्रं असल्याने हलका आणि उष्णता हळू जाऊ देणारा. कारागिरांनी कामाची वाटणी केली होती. छताचा भार घ्यायला दगडाचे जाड खांब आणि मधल्या जागेत समुद्रातल्याच सपाट दगडाच्या पातळ लाद्या. भार न घेणाऱ्या जागी जाड भिंत कशाला उभारा? जिथे भिंत जाड, तिथे दुसरा फायदा. उष्णतेला भिंत ओलांडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र पडलेली असते आणि माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात. ज्यांना दगडाचं घर परवडत नसे ते खजुरीच्या झावळ्यांच्या ‘बरस्ती’त राहत. तिथे हिशेब उलटा. ऊन अडवायचं आणि वारा मात्र आरपार जाऊ द्यायचा.

आता गलबतांकडे वळू. इथल्या मोत्यांच्या ताफ्यात सांबुक, बतील, बूम अशी नावाजलेली गलबतं होती. एकाचं नाव ‘जालबुत’. आपल्या गलबताशी ते किती जुळतं बघा! ही बांधणाऱ्या कारागिराला खाडीच्या अरबीत ‘कल्लाफ’ म्हणतात. त्याच्या फळ्या बहुतेक मलबारच्या सागवानाच्या. मोती मुंबईच्या बाजारात विकायला जायचे आणि परतताना हिंदुस्थानातून तांदूळ, कापड, दोरखंड आणि लाकूड यायचं. मुंबईचा रुपया इथे १९६५ साली बहारीनचा दिनार निघेपर्यंत चालत होता, तो उगीच नाही.

सागवानच का? नुसत्या ताकदीच्या नकाशावर सागवानाला हरवणारी लाकडं पुष्कळ आहेत. पण गलबताची मोडता न येणारी अट वेगळी आहे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहायचं, पुन्हा किनाऱ्यावर उन्हात तापायचं आणि तरी फळी पिळवटता कामा नये, फाटता कामा नये, कुजता कामा नये. सागवानात नैसर्गिक तेल असतं. ते भिजलं-वाळलं तरी फार फुगत-आकसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ते खात नाही. इंग्रजांच्या लाडक्या ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं. ओल आली की ते लोखंड गंजवतं आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही सडतं.

हे इंग्रजांनाही मुंबईतच कळलं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती तेव्हा आरमाराने मुंबईत सागवानी युद्धनौका बांधून घेतल्या. त्यातली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सागवानाला याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं हवं?

मात्र गलबताच्या बरगड्यांसाठी कल्लाफ सागवानाच्या सरळ फळीतून वळण कापून काढत नसे. तो निसर्गतःच वाकडी वाढलेली खोडं आणि फांद्या शोधायचा. कारण वळण करवतीने कापलं तर शिरा तुटतात, आणि लाकडाचा दुसरा, कमजोर फुगा पुढे येतो. झाड स्वतःच वाकलेलं असेल तर शिरा वळणाबरोबर वळलेल्या असतात. नकाशा न बघता त्याने नकाशातली मेख ओळखली होती.

मोती काढणाऱ्या पाणबुड्याची हत्यारंही अशीच निवडलेली. नाकाचा चिमटा कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा. तो घट्ट बसेल इतका लवचीक हवा आणि खाऱ्या पाण्यात गंजायला नको. पायाशी बांधायचं वजन दगडाचं नाहीतर शिशाचं. पाच किलोचा दगड समुद्राच्या पाण्यात जेमतेम तीन किलो भरतो आणि पाच किलो शिसं साडेचार किलो. कामाला शिसं सरस, किमतीला दगड. दोन्ही वापरात होते, ज्याची जशी ऐपत. दोरही बघा. काथ्याचा दोर ताकदीत सुती दोराच्या मागे, पण तो ताणतो, झटका सोसतो आणि समुद्राच्या पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणून मलबारचा काथ्या खाडीभर चालला.

मग हे जग बदललं. जपानमधले कल्चर्ड मोती बाजारात आले, १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि मोत्यांचा धंदा बसला. तेवढ्यात १९३२ साली जेबेल दुखानपाशी तेल लागलं. चार वर्षांत रिफायनरी सुरू झाली. पैसा आला, माणसं आली, घरं हवी झाली, आणि त्याबरोबर आलं सिमेंट काँक्रीट.

काँक्रीट दाबाखाली उत्तम, ओढीखाली कमजोर. म्हणून आत पोलादी सळ्या घालतात. युरोपात ही जोडी छान जमली होती. इकडे ती जशीच्या तशी आणली गेली. ताकद किती, खर्च किती, बांधायला वेळ किती, हे सगळं विचारलं गेलं. "या हवेत किती वर्षं?" हे विचारायचं मात्र पुष्कळदा राहून गेलं. खडी आणि वाळूत मीठ, पाण्यात मीठ, हवेत मीठ, जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीतही मीठ. नेहमीच्या काँक्रीटमध्ये सळीवर एक पातळ संरक्षक थर धरतो. मिठातले क्लोराइड तो फोडतात. सळी गंजते, गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते आणि काँक्रीट आतून फुटतं. १९७०च्या दशकात खाडीतल्या इंजिनिअरांच्या लक्षात यायला लागलं, की दहा-पंधरा वर्षांतच इमारती जायबंदी होताहेत. जुन्या फ्लॅटच्या बाल्कनीखाली पडलेला पोपडा आणि त्यातून डोकावणारी लाल सळी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल.

यातून जे शिकलं गेलं ते आज नियमात आहे. खडी धुऊन घ्यायची, मिठाची तपासणी करायची, काँक्रीट घट्ट विणीचं करायला त्यात भट्टीची मळी किंवा मायक्रोसिलिका घालायची आणि सळीवरचं काँक्रीटचं आवरण जाड ठेवायचं. या शेवटच्या गोष्टीत तोच वर्गाचा नियम परत भेटतो. मीठ आत झिरपतं ते उष्णतेसारखंच. आवरण २५ मिलिमीटरचं ५० केलं, तर मिठाला सळीपर्यंत पोचायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. इंचभर जास्त काँक्रीट आणि इमारतीचं आयुष्य कुठल्या कुठे.

याच काळात बहारीनने एक मोठी निवड केली, आणि ती ‘कशासाठी?’ विचारून केली. जमिनीखाली गॅस होता, पण त्या काळी तो जहाजात भरून विकणं सोपं नव्हतं. त्याची वीज करता येत होती, पण वीजही जहाजात भरता येत नाही. मग वीज पिऊन घट्ट होणारी वस्तू कोणती? ॲल्युमिनियम! एक किलो धातू वितळवून काढायला १४-१५ युनिट वीज लागते. बॉक्साइटचा खडाही नसलेल्या या बेटावर १९६८ साली ‘अल्बा’ कंपनी स्थापन झाली आणि १९७१ साली धातू निघायला लागला. कच्चा माल ॲल्युमिना परदेशातून यायचा, अजूनही येतो. सुरुवातीची क्षमता वर्षाला १,२०,००० टनांची. २०१९ साली सहावी लाइन सुरू झाल्यावर ती १५ लाख टनांच्या पुढे गेली. चीन सोडला तर एकाच जागी एवढा मोठा स्मेल्टर जगात दुसरा नाही.

या ॲल्युमिनियमच्या तारा इथेच बनतात. विजेच्या मोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या आणि घरातल्या भिंतीतल्या तारा तांब्याच्या, असं का? पुन्हा कामाचा आकडा. वीज वाहून नेण्यात तांबं ५८, ॲल्युमिनियम ३७. घरातल्या अरुंद पाइपात जागा महत्त्वाची, म्हणून तांबं जिंकतं. पण दोन मनोऱ्यांमध्ये लोंबणाऱ्या तारेला स्वतःचं वजन पेलायचं असतं. तिथे वाहकता भागिले घनता बघायची. तांबं ६.५, ॲल्युमिनियम १३.७. दुपटीहून अधिक! दिलमुनच्या तांब्याला दिलमुनच्याच बेटावर प्रतिस्पर्धी मिळाला.

पण ॲल्युमिनियमला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. वजनाऐवजी "बनवायला कमीत कमी ऊर्जा" हे मागणं ठेवलं, तर सारख्याच ताठपणाचा ॲल्युमिनियमचा वासा पोलादाच्या सुमारे चौपट ऊर्जा खातो. भंगारातून पुन्हा वितळवला तर मात्र मूळ ऊर्जेच्या वीसाव्या हिश्शात काम होतं. म्हणून रिकामा कॅन कचऱ्यात टाकण्याआधी दोनदा विचार करावा.

२००८ साली मनामात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे २४० मीटर उंचीचे दोन मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या मधल्या पुलांवर २९ मीटर व्यासाच्या तीन पवनचक्क्या बसवल्या गेल्या. त्यांची पाती काचतंतूंच्या फायबरची. पातं म्हणजे तरी काय, वाऱ्यात वाकणारा लांब दांडाच. ज्या गुणोत्तराने वल्ह्याला लाकूड दिलं, त्याच गुणोत्तराने आणि त्यात घातलेल्या ‘कुजायला नको’ या अटीने पात्याला फायबर दिलं. लाकडाच्या शिरा आणि काचेचे तंतू, तत्त्व एकच.

२०१२ साली युनेस्कोने मुहर्रकमधल्या सतरा वास्तू, बू माहिर किल्ला, किनाऱ्याचा तुकडा आणि तीन मोत्यांचे शिंपलेतळ यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. मोत्यांची ही साडेतीन किलोमीटरची वाट आज चालत बघता येते. अशा जुन्या भिंतींचं एक दुखणं शिकण्यासारखं आहे. पडझड झाली की पूर्वी लोक भक्कम म्हणून सिमेंटचं प्लास्टर मारायचे. सिमेंट ताकदीत जुन्या गिलाव्याहून कितीतरी वरचढ. पण प्रवाळाच्या भिंतीला ताकद नको होती, श्वास हवा होता. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमागे कोंडते, मिठाचे खडे आतच धरतात आणि दगडाचा भुगा होतो. जुना मऊ गिलावा ओल बाहेर सोडायचा, मीठ स्वतःवर घ्यायचा आणि झिजून जायचा. मग तो नवा लावायचा, दगड शाबूत. स्वतः झिजणं हेच त्याचं काम होतं. म्हणून जाणकार आता अशा घरांची डागडुजी चुना-जिप्समच्या गिलाव्यानेच करतात.

सागवान, चंदल आणि काथ्या वापरणारे कल्लाफ आणि गवंडी आता फार थोडे उरलेत. बंदरात फायबरच्या बोटी जास्त दिसतात, आणि ते गैर नाही. त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्या लोकांकडे नकाशे नव्हते, वर्गमुळं नव्हती. पण माल हातात घेण्याआधी ते काम विचारायचे. पुढच्या वेळी मुहर्रकला पाहुण्यांना न्याल तेव्हा मुलांनाही बरोबर घ्या, छताकडे बोट दाखवा आणि विचारा, "ही खोली एवढी अरुंद का असेल रे?" उत्तर शोधता शोधता ती आफ्रिकेच्या खाडीपर्यंत पोचतील.